यमाजी आणि वायूचं काम

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव यमाजी. शाळेच्या रसायनाच्या खोलीत निफाडे सरांच्या हाताखाली असायचा. नोकरी अजून कच्ची होती. शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार होते. त्यांची सही झाली, की पक्की.

सोमवारी सरांनी बाटलीत आम्ल ओतलं, वर जस्ताचे तुकडे टाकले. यमाजीने धावत जाऊन बूच गच्च ठोकलं.

"अरे, काढ ते!" सर ओरडले. "आत वायू तयार होतो. तो नळीतून त्या पिचकारीत पसरला, त्याने तिचा दट्ट्या ढकलला, तरच त्याचं काम झालं. कोंडला तर काम शून्य! वाट मोकळी ठेवावी."

"बरं सर. आता चुकायचं नाही."

घरी आला, तर कुकर फुसफुसत होता. यमाजीला आतल्या वाफेची कीव आली. त्याने शिट्टी उपटली. वरण छताला.

"अहो, हे काय केलंत?" बायको सुभद्रा किंचाळली.

"मी कुठं? वाफेनं केलं. बघ तरी, केवढं काम!"

मंगळवारी सरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, कामाचं कौतुक नको. वायू काम करतो तेव्हा त्याची ऊर्जा खर्च होते. म्हणून काम केलं, की वजा मांडायचं."

"बरं सर. आता चुकायचं नाही."

त्या दिवशी त्याने सगळ्या नळ्या घासल्या, बाकं पुसली, घामाघूम झाला. मग हजेरीपटात स्वतःच्या नावापुढे ठसठशीत वजा मारला. मुख्याध्यापकांनी रजा लावली.

"अरे बाबा," सर रडकुंडीला आले, "हे माणसांचं नाही, वायूचं गणित आहे! त्यात घन सोडून द्यायचं, द्रव सोडून द्यायचं. वायू तेवढा धरायचा."

"बरं सर. आता मात्र चुकायचं नाही."

शुक्रवारी साहेब आले. दट्ट्या सरसर वर गेला. गणितही बरोबर आलं. साहेब खूश! त्यांनी यमाजीचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "सकाळपासून पोटात काही नाही हो. आधी चहा-भजी होऊ द्या, मग सही."

यमाजी हॉटेलाकडे पळाला. परत आला तो झाकलेलं पातेलं छातीशी धरून. साहेबांनी अधीरपणे झाकण उचललं. आत काहीच नव्हतं.

"भजी कुठायत? चहा?"

"भजी घन, साहेब. ती म्हशीपुढं सोडली. चहा द्रव, तो गटारात सोडला."

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं.

यमाजी रिकाम्या पातेल्यात डोकावून हळहळला, "वाफ तेवढी धरून आणली होती. तीही तुम्ही सोडलीत!"