फणी आणि कातर

एका गावात घोंगड्या विणणारा एक म्हातारा राहत होता. सगळा गाव त्याला आप्पा म्हणायचा, पण काम असेल तेव्हाच. घोंगडी हवी असली की माणसं यायची, खांद्यावर टाकून बघायची आणि 'छान विणलीय हो' म्हणत निघून जायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवस मागावर कसाबसा सरायचा, पण दिवेलागणीला घर खायला उठायचं. मग आप्पा मागाशीच बोलत बसायचा. आता माग काय उत्तर देणार?

एका ज्येष्ठात एक मेंढपाळ कळप घेऊन आपल्या गावी परतत होता. आप्पाला लोकर त्याच्याकडूनच यायची. पण या खेपेला त्याच्या खांद्यावर कोकरू नव्हतं, चांगला थोराड कुत्रा होता. अंगभर दाट केस, म्हणून नाव जावळ्या. लांडग्याशी झटापट होऊन त्याचा पुढचा पाय फाटला होता.

"आप्पा, याला चालवत नाही. एवढा पावसाळा सांभाळाल का?" मेंढपाळ म्हणाला. "दसऱ्याला कळप परत माळावर निघेल, तेव्हा घेऊन जाईन."

"ठेव की. मला तरी दुसरं कोण आहे?" आप्पा म्हणाला.

झालं! दुसऱ्या दिवसापासून आप्पाच्या घरात बोलणं सुरू झालं. जावळ्या पावसातून आला की आप्पा त्याचे चारही पाय जुन्या धडप्याने पुसायचा, बोटांच्या बेचक्यांतली ओल नीट टिपायचा. "चिखल तसाच ठेवलास तर कुजेल रे बाबा," असं रागवायचाही. कान उलटून बघायचा, काखेत गोचीड शोधायचा, पिसवा होऊ नयेत म्हणून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचा. आंघोळ मात्र क्वचितच, तीही रिठ्याच्या पाण्याने, लख्ख ऊन पडलं तरच.

आणि रोज सांजेला फणी. आप्पा उंबऱ्यावर बसला की जावळ्या येऊन त्याच्याकडे पाठ करून बसायचा. आप्पा शेपटीकडून सुरुवात करून हलक्या हाताने मानेपर्यंत यायचा. विंचरता विंचरता दिवसभरातलं सगळं सांगायचा, बायकोचं सांगायचा, कुणाला कधी सांगितलं नव्हतं तेही सांगायचा. जावळ्याचे डोळे मिटायचे आणि अंगाचा सगळा भार आप्पाच्या गुडघ्यावर यायचा. त्या वेळी आप्पाला वाटायचं, आपण कुणाचे तरी आहोत.

पाय बरा झाला. श्रावण गेला, भादव्याचं ऊन गेलं. जावळ्याच्या अंगावर लांब केसांखाली मऊ लव दाटून यायला लागली. ही थंडीची तयारी. हे आप्पाला कुणी सांगायला नको होतं, त्याचा जन्म लोकरीत गेला होता. बोटांना ती लव लागली की त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो मनाशी दिवस मोजायला लागायचा, कारण दसरा जवळ येत होता.

दसऱ्याला तीन दिवस उरले आणि आप्पाची नजर कोनाड्यातल्या कातरीकडे गेली.

अहो, माणसाचं मन! कातरलेला कुत्रा उघड्या माळावर थंडीत टिकणार नाही, मग मेंढपाळ त्याला नेणारच नाही. खोटं बोलायला नको, भांडायला नको. 'केसच तर आहेत, येतील परत,' असं म्हणत आप्पाने कातर घेतली.

जावळ्या एवढासुद्धा हलला नाही. आप्पा पाय उचल म्हणाला की पाय उचलायचा, वळ म्हणाला की वळायचा. त्याला वाटलं असेल, फणीसारखंच हे काहीतरी आपल्या भल्याचं आहे. कातरून झाल्यावर उंबऱ्याशी केसांचा ढीग पडला होता आणि जावळ्या अर्धा होऊन उभा होता. आप्पाने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

दसऱ्याला मेंढपाळ आला. जावळ्या उड्या मारत त्याच्या अंगावर गेला. मेंढपाळाचा हात मात्र त्याच्या पाठीवर थबकला.

"गोचिडं फार झाली होती रे, कातरावंच लागलं," आप्पा म्हणाला. शेवटी खोटंही बोलावं लागलंच की!

मेंढपाळाने जावळ्याच्या अंगावरून, काखेतून, कानामागून सावकाश हात फिरवला. मग म्हणाला, "माळावर नाही टिकायचा हा आता. राहू द्या तुमच्याकडेच."

कळप निघाला तसा जावळ्याही शिवेपर्यंत मागे गेला. तिथे मेंढपाळाने "बस!" म्हटलं आणि तो बसला. धुरळा खाली बसला, घुंगरांचा आवाज थांबला, तरी तो तिथेच. आप्पाला त्याला दोरी बांधून आणावं लागलं. इतके दिवस त्या घरात दोरी लागली नव्हती.

त्या सांजेला आप्पा उंबऱ्यावर बसला. सवयीप्रमाणे जावळ्या आला, पाठ करून बसला. आप्पाने फणी टेकवली आणि तिचे दात थेट कातडीला लागले. जावळ्या कळवळून उठला, लांब जाऊन उभा राहिला. विंचरायला आता केस होते कुठे? आप्पाच्या हातात फणी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तो बसला, पण जावळ्या आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

थंडी पडली. जावळ्या रोज शिवेच्या वाटेकडे तोंड करून कुडकुडत बसायचा. आप्पाने त्याच्या मापाची घोंगडी विणली, स्वतःच्या हाताने अंगावर घातली. जावळ्याने अंग झाडलं आणि ती मातीत पडली. जन्मभर गावाला ऊब देणारा माणूस, पण एका मुक्या जिवाची ऊब त्याने हिरावून घेतली होती. कुत्रा घरात होता, आणि आप्पा पुन्हा मागाशी बोलायला लागला होता. पूर्वीचं एकटेपण बरं होतं, ते त्याने स्वतः केलेलं नव्हतं.

फाल्गुनापर्यंत केस बोटभर वाढले. आप्पाने माग झाकला, फणी कनवटीला लावली, जावळ्याला घेतलं आणि तीन दिवस चालत कळपाचा माळ गाठला.

"घे बाबा तुझा कुत्रा," तो मेंढपाळाला म्हणाला. "गोचिडं नव्हती. एकही नव्हतं. तो जाऊ नये म्हणून मी कातरलं."

"ठाऊक आहे, आप्पा. गोचीड चिकटलं की कातडीवर गाठ राहते. मी हात फिरवला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

मेंढपाळाने जावळ्याच्या बोटभर केसांवरून हात फिरवला. "थंडीत दोन कोकरं लांडग्याने नेली. जावळ्या असता तर नसती गेली. राग आला होता, नाही असं नाही. पण माझ्याकडे कळप आहे, बायको आहे, पोरं आहेत. तुमच्याकडे कोण होतं?"

आप्पा तिथेच खाली बसला आणि रडला. कितीतरी वर्षांत तो कुणासमोर रडला नव्हता.

निघताना त्याने फणी मेंढपाळाच्या हातात दिली. "शेपटीकडून सुरू कर. मानेपासून ओढलं तर त्याला आवडत नाही." जावळ्या कळपाभोवती धावत होता, त्याने मागे वळून पाहिलं नाही. तीन दिवसांची वाट आप्पा एकटाच चालून आला. घर तसंच रिकामं होतं.

ज्येष्ठ आला. एका सांजेला आप्पा रिकाम्या हातांनी उंबऱ्यावर बसला होता. शिवेकडून घुंगरांचा आवाज आला, आणि कळपाच्या कितीतरी पुढे धावत जावळ्या आला. अंगावरचे केस उन्हाळ्याने पुंजक्यापुंजक्यांनी सुटले होते. तो सरळ उंबऱ्याशी आला आणि आप्पाकडे पाठ करून बसला.

मागाहून मेंढपाळ पोचला. त्याने कनवटीची फणी काढून आप्पाच्या हातात ठेवली.

"पावसाळ्यात राखणीचं काम फारसं नसतं," तो म्हणाला. "दसऱ्याला येतो."

"ये," आप्पा म्हणाला. "लव चांगली दाट करून ठेवतो."

आणि त्याने शेपटीकडून सुरुवात केली.

तात्पर्य: ज्याची वाट कापून आपण त्याला जवळ ठेवतो, तो घरात राहतो, पण सोबतीला राहत नाही.