रिकाम्या वाटीच्या वशाची कहाणी

वाट्या समोर ठेवा बायांनो, आणि ऐका. गावदेवी, ही तुझी कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं रंगोपंत वैद्य होता. त्याची बायको येसू. नगर वैद्याला देवमाणूस म्हणे. म्हणणाऱ्यांच्या जिभा झडोत, पण कहाणी आहे, क्रमानं सांगते.

एके दिवशी येसू पहिल्या शेजारणीकडे गेली. म्हणाली, नवरा उठताबसता आईबापाचा उद्धार करतो, माहेरी जाऊ देत नाही. शेजारीण म्हणाली, हात तर लावत नाही ना? मग सोस. मग वैद्यानं कोठीला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली. येसू दुसऱ्या शेजारणीकडे गेली. म्हणाली, दोन दिवस उपाशी आहे. ती म्हणाली, हात तर लावत नाही ना? मग सोस. मग त्यानं हात लावला. तिचं उजवं मनगट मोडलं. वैद्याच्या घरात तिला लेप मिळेना. येसू तिसरीकडे गेली. ती म्हणाली, घरातली गोष्ट, बाहेर बोलू नये. आणि दार लोटलं. हात लागायची वाट पाहिली, लागला तर ही तऱ्हा! माझं तर डोकं फिरतं.

मग देवी कोपली. एका घरावर नाही, अवघ्या नगरावर कोपली. दुधाला विरजण लावलं, दही लागेना. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, तीन दिवस झाले. मग तिघी शेजारणी देवळात गेल्या. देवी म्हातारी होऊन पायरीवर बसली होती. म्हणाली, "जीभही मारते, किल्लीही मारते. तुम्ही नुसता हात बघत बसलात."

तिघींनी पाय धरले, उतारा विचारला. मग म्हातारीनं वसा दिला. शेजारी आवाज चढला की हातातलं काम टाकावं. रिकामी वाटी घ्यावी, विरजण मागायला जावं. विरजण मागणारीला कुणी हटकत नाही. आतलीचं तोंड पाहिल्याशिवाय उंबरा सोडू नये.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वैद्याच्या घरात आवाज चढला. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मग आळीतल्या झाडून साऱ्या बाया वाट्या घेऊन ओटीवर उभ्या राहिल्या. वैद्य म्हणाला, "ही घरातली गोष्ट आहे."

पहिली शेजारीण म्हणाली, "म्हणूनच आत येतो."

आत शिरल्या. येसूला बाहेर आणलं. देवमाणसाला पंचांपुढं उभं केलं. येसू पहिल्या शेजारणीकडे राहिली. तिनं डाव्या हातानं विरजण लावलं, सकाळी घट्ट दही लागलं. मनगट मात्र वाकडंच जुळलं. उशीर झाला की देवीही तेवढं फेडून देत नाही.

येसूला जसं दार उघडलं, तसं तुम्हां-आम्हां लेकीबाळींना उघडो, आणि वेळेवर उघडो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी फळाला आली. आता वाट्या घरी न्या. फडताळात नाही, दाराजवळ ठेवा.