मोकाशांचा चाकू आणि उंबरनाथ महाराजांच्या दोन हाका

भाविकहो, निंबदरे गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, ओढ्याकाठी उंबर आहे, आणि त्या उंबराखाली उंबरनाथ महाराज अकरा वर्षे राहिले. कुठून आले ते त्यांनी सांगितले नाही. गावानेही फारसे विचारले नाही. गावाला स्वतःबद्दल बोलायचेच पुष्कळ होते.

महाराजांच्या सेवेला सिदू गुरव असे. देवळातली पानेफुले, पत्रावळी, केळीचे खांब हे त्याचे काम, आणि त्यासाठी कमरेला शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू. धार लावायची म्हणजे तो देवळाच्या पायरीवर पाते खसाखसा घाशी. एकदा महाराजांनी ते पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

"सिदू, त्या पात्यानं तुझं काय वाकडं केलं आहे?"

मग महाराजांनी ओढ्यातला एक सपाट दगड काढून त्याच्या हाती दिला. म्हणाले, "हा घरी ने. ओला कर. पात्याची पाठ खाली गव्हाचा एक दाणा मावेल एवढीच उचल, आणि शेवटपर्यंत तेवढीच ठेव. दोन्ही अंगांनी सारखं घास. मग काठावर लोखंडाची एक कोवळी कड वळून येईल. बोटाला ती फार तिखट लागते. तिला भुलू नकोस. वाळक्या लाकडावरून हलकेच ओढून ती मोड, आणि मग पुन्हा दगडावर दोन हात दे."

"पण धार झाली हे कसं वळखायचं, महाराज?"

"आधी मूठभर काथ्या काप. मग त्याच पात्यानं पिकलेलं उंबर काप. उंबर चेपलं नाही, तर झाली."

तीन वर्षे सिदूच्या घरी उंबरे चेपली. बायको म्हणे, "लोकांच्या घरात लोणची घालत्यात, आमच्या घरात चिखल." चौथ्या वर्षी एक उंबर चेपले नाही. सिदूने त्याची दोन अर्धी आणून महाराजांसमोर ठेवली. महाराजांनी एक स्वतः खाल्ले, एक त्याला दिले.

गावात मात्र धार ओळखण्याची एकच रीत मान्य होती. चाकू डाव्या हाताच्या कोपराखाली फिरवायचा. केस उडाले की धार आहे. या शास्त्राचे आचार्य खंडेराव मोकाशी. त्यांच्याजवळ शहरातून आणलेला सहा पात्यांचा चाकू होता. त्यातली दोन पाती कशासाठी आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. भेटेल त्याला मोकाशी धार दाखवीत, आणि भेटणारे पुष्कळ. त्यामुळे त्यांचा डावा हात बारमाही गुळगुळीत असे.

एकदा पारावर त्यांनी सिदूचा चाकू मागून घेतला आणि उजव्या हातावर फिरवला, कारण डाव्यावर काही शिल्लक नव्हते. दोन केस पडले.

"अरे गुरवा, तीन वर्षं घासून दोन केस? वर्षाला एकसुद्धा नाही! यानं तुझ्या महाराजांचं लोणी तरी कापलं जातं का?"

पार हसला. तेव्हापासून सिदूने चाकू काढला की कोणीतरी हात पुढे करी, "सिदबा, एवढी हजामत कर." हळूहळू सिदू चारचौघांत चाकू काढेनासा झाला. हसणे काही मोठे नव्हते; पारावरचे, रोजचे. म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

चैत्रात मोकाशांच्या विहिरीवर मोट चालू असताना काठाचे दगड ढासळले. मोटेचे चाक तुळईसकट विहिरीत लोंबले, मोट ओढायच्या जाड दोरात, नाड्यात, अडकले, आणि त्या ओझ्याने दोन्ही बैल धावेच्या उतारावरून उलटे विहिरीकडे ओढले जाऊ लागले. तांबड्याने खूर रोवले. पाखऱ्याचे मागचे पाय काठाबाहेर गेले आणि जुवाला बांधलेली जोताची पट्टी त्याच्या गळ्याला आवळली. हा पाखऱ्या मोकाशांनी आईवेगळा वासरू असताना बोटाने दूध पाजून वाढवलेला.

"नाडा तोडा!" लोक ओरडले. मोकाशी स्वतः धावले. मनगटाएवढा ओला नाडा. पहिल्या घावाला पाते सरकले. दुसऱ्या घावाला धार दुमडली. त्यांनी दुसरे पाते उघडले. मग तिसरे. एकामागून एक सहाही पाती उघडून झाली.

दहा पावलांवर फुलांची परडी घेऊन सिदू उभा होता. त्याचा हात कमरेला गेला आणि तिथेच थांबला.

इकडे अर्ध्या कोसावर महाराज भाकरी खात होते. घास खाली ठेवून ते म्हणाले, "सिदू, काप." ओढ्यावर धुणे धुणाऱ्या भागू परटिणीने मान वर केली; समोर कोणी नव्हते. थोड्या वेळाने महाराज उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सिदू! काप!"

तिकडे सिदूने परडी टाकली आणि तो धावला. तीन घावांत नाडा तुटला. लोक सांगतात, चाकू महाराजांनी चालवला. चाकू तीन वर्षांच्या घासण्याने चालला. चमत्कार झाला तो सिदूच्या पायांत.

माणसांनी बैल वर ओढले. तांबड्या थरथरत उभा राहिला. पाखऱ्या उठला नाही.

संध्याकाळी मोकाशी अनवाणी उंबराखाली आले, मागोमाग पारावरची माणसे; सिदू महाराजांजवळ बसला होता, भागूही तिथेच होती. "महाराज, तुमच्या कृपेनं एक तरी वाचला."

"दोन्ही वाचायचे होते," महाराज म्हणाले.

भागू बोलली, "मालक, महाराजांनी दोनदा हाक मारली. मी पिळा हातात धरून ऐकत हुते."

मोकाशांनी सिदूकडे पाहिले. "पहिली ऐकू आली नाही तुला?"

"आली जी." सिदूची मान खाली होती. "वाटलं, चाकू काढला तर मानसं हसतील."

मग महाराज म्हणाले, "खंडेराव, त्याचा हात मुठीवर गेला होता. तुमचं हसू तिथं आधीच बसलेलं होतं." आणि डोळे पुसून म्हणाले, "मी त्याला पात्याची कोवळी कड मोडायला शिकवलं. त्याची भीड मोडायला शिकवायचं राहून गेलं. पाखऱ्या माझ्याही माथी आहे."

मोकाशी पाया पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सिदूकडे बोट दाखवले.

"मालक, आवो, काय करताय!" सिदू उठू लागला. महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले. खंडेराव मोकाशांनी गुरवाच्या पायांवर डोके टेकले, आणि पारावर हसलेली सगळी माणसे ते पाहत उभी राहिली.

पुढे दर चैत्रात त्या दिवशी मोकाशी येत, महाराजांना आणि सिदूला वाकून नमस्कार करीत. वाकताना बाही मागे सरे, आणि त्यांच्या डाव्या हातावर, भाविकहो, चांगले दाट केस आलेले दिसत.