मुकादम झालेला ओळंबा

अवजारं माणसांवाचून घरं बांधायची, तेव्हाची ही गोष्ट. एका भिंतीच्या कामावर ओळंब्याला मुकादम नेमलं. दोरीला टांगलेला हा पितळी गोळा भिंत सरळ आहे की कलली ते दाखवायचा, म्हणून सगळ्यांनी त्यालाच पसंती दिली.

पण मुकादम झाल्यापासून त्याचं तोंड थांबेना. "ए घमेल्या, माल कुठाय? थापे, हात चालव! फुकट खायला आलात का?" ओरडता ओरडता तो दोरीवर झोके घ्यायचा.

थापीनं विचारलं, "मुकादम, भिंत ओळंब्यात आहे का, जरा बघून सांगता?"

"मला काम शिकवतेस? लाव पुढची वीट!" ओळंबा आणखी जोरात हलला.

भिंत छातीएवढी झाली आणि तिला पोट आलं. घमेलं घाबरून मागे सरलं.

"थापीनं घाण केली!" ओळंबा गरजला. "आधी हिला कामावरून काढा!"

आता थापीचा संताप अनावर झाला. "वीट मी लावली. पाडून पुन्हा लावीनसुद्धा. पण सरळ कुठे, हे मी कुणाकडे बघून ठरवायचं? सकाळपासून मान वर करून तुमच्याकडेच बघतेय, आणि तुम्ही क्षणभर तरी स्थिर होतात का?"

ओळंब्यानं पहिल्यांदाच ओरडणं सोडलं. हळूहळू झोके थांबले, दोरी ताठ झाली, आणि तिच्या शेजारी भिंतीचं पोट सगळ्यांना लख्ख दिसलं.

"बघा," थापी म्हणाली, "एवढंच काम होतं तुमचं."