उंदराची धडधड

माणसांनी औषधं शोधण्याच्या कितीतरी आधी रानात एक अस्वल वैद्य होतं. हत्तीचं काळीज फार धडधडतं, त्यावर औषध शोधायला त्याने एक उंदीर पकडला आणि त्याच्या छातीला कान लावला.

"याचंही काळीज धडधडतंय! चिरूनच पाहायला हवं."

"अस्वलमामा, मानेवर तुमची नखं असल्यावर ते दुसरं काय करणार?" उंदीर किंचाळला. "खाली ठेवा, मग ऐका!"

अस्वलाने त्याला मऊ गवतावर ठेवलं. हळूहळू उंदीर पेंगू लागला. अस्वलाने पुन्हा कान लावला, तर धडधड थांबून ठोके शांतपणे पडत होते.

अस्वल ओशाळून उठलं.

"कुठे निघालात, मामा?"

"हत्तीकडे. परवा मी हातात दाभण घेऊनच त्याला तपासलं होतं."