बादलीभर ऊन पाणी

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मधेच कुणी मुसमुसायचं नाही. तशी वेळ येईल, पण दात-ओठ आवळून बसायचं. आणि "मग तिचे बाबा आले का?" असं तर मुळीच विचारायचं नाही, कारण ते सुमिरेलाही ठाऊक नव्हतं, आणि तिला विचारायला तर घरात कुणीच नव्हतं.

सुमिरे ही जपानातल्या एका उंच निळ्या डोंगरातली मुलगी. तिच्या आईबाबांची तिथे सराई होती, म्हणजे वाटसरूंनी उतरायचं घर. कागदाची सरकती दारं, गवताच्या मऊ सोनेरी चटया, उंबऱ्याशी चपला काढायला गुळगुळीत फळी, आणि मागे बागेत गरम पाण्याची कुंडं. बंब नाही की चूल नाही, जमिनीच्या पोटातूनच वाफाळतं पाणी यायचं. लांबलांबून दमलेली माणसं यायची, गळ्यापर्यंत पाण्यात बसायची आणि गुलाबी गालांनी घरी जायची. पण पुढे काय झालं कोण जाणे, एकेक कुंड आटत गेलं. पाणी गेलं तसे पाहुणेही गेले. उरलं ते बागेच्या कोपऱ्यातलं एकच चिमुकलं कुंड, दोन माणसं जेमतेम मावतील एवढं. घरात भात शिजायचा तो पातळ, आणि सुमिरेच्या डगल्यात कापड कमी नि ठिगळं जास्त. पोर मात्र गुणाची. कुणाला उपाशी बघितलं की आपल्या वाडग्यातलं अर्धं देऊन मोकळी.

आता एक गोष्ट नीट ऐका. तिथे कुंडात उतरण्याआधी बाहेर बुटक्या पाटावर बसून अंग स्वच्छ घासून धुवायचं असतं. मळक्या अंगाने पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही, मग तो राजा का असेना. कुंडाचं पाणी सगळ्यांचं असतं ना, म्हणून. सुमिरे हे दुधाबरोबर शिकली होती. अगदी लहान असताना तिने एका मिशाळ, धिप्पाड पाहुण्याला बोट धरून पाटावर नेऊन बसवलं होतं, आणि तोही बिचारा मुकाट्याने पाठ घासत बसला होता.

तर झालं असं. सुमिरेचे बाबा, गेन्झो त्यांचं नाव, तांदूळ आणायला खिंडीपलीकडच्या गावाला गेले होते. ते परतीच्या वाटेवर असतानाच वरच्या कड्यावरून बर्फ कोसळला. सगळी वाट पुसली गेली. कुठे पायवाट, कुठे दरी, काही कळेना. सकाळीच आई गाववाल्यांबरोबर त्यांना शोधायला गेली. जाताना तिने सुमिरेला बजावलं की शेगडी विझू द्यायची नाही आणि घर सोडायचं नाही. पण दाराशी उभे राहून गाववाले जे हळूच बोलले, ते सुमिरेने ऐकलं होतं. ते म्हणाले, अंधार पडायच्या आत गेन्झो सापडला तर सापडला. अशा थंडीत आजची रात्र काही निघायची नाही.

दुपार कलली तरी कुणी परतलं नाही. सुमिरेने शेगडीत कोळसा घातला आणि ती बागेत येऊन उभी राहिली, कारण तिथून खिंड दिसायची. सगळीकडे पांढरंशुभ्र. तिने "बाबा" अशी हाक मारली. तिचा आवाज एवढासा, आणि घसा रडून बसलेला. हाक कुंपणापर्यंतही गेली नाही. मग ती कुंडाच्या काठावर बसली आणि तिचे टपोरे अश्रू टपटप पाण्यात पडू लागले.

तेवढ्यात कुंडावरची वाफ हलली. आधी ती गुलाबी झाली, मग मोतिया, मग जांभळी, आणि त्या रंगीत वाफेतून बोटाएवढी एक परी वर आली. चतुरासारखे झिरझिरीत पंख, आलुबुखाराच्या फुलांचा झगा, केसांत दवाचे थेंब, आणि प्रत्येक थेंबात एक पिटुकलं इंद्रधनुष्य.

"रडू नकोस, राणी," परी म्हणाली. "या पाण्यात तुझे अश्रू पडले, म्हणून मला येता आलं. तुला एक इच्छा मागता येईल."

सुमिरे लगेच उठली. "माझे बाबा घरी येऊ देत, परीताई."

"अशी नाही मागायची गं. तिचे नियम आहेत." परीने बोटं उडवली, आणि काठावर एक छोटीशी लाकडी बादली उभी राहिली, ऊन पाण्याने काठोकाठ भरलेली. शेजारी तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी, अंग घासायला. मग तिने नियम सांगितले. याच बादलीतल्या पाण्याने अंग धुवायचं, दुसऱ्या नाही. कुंडातून थेंबही बाहेर काढायचा नाही. स्वच्छ होऊन कुंडात उतरायचं आणि पाण्यात उभं राहून इच्छा बोलायची. आणि हे सगळं त्या समोरच्या देवदाराच्या शेंड्यावरून ऊन जायच्या आत. "एकदा तू बादलीला हात लावलास की मला बोलायची बंदी आहे," परी म्हणाली. "मग मी नुसती बघणार. जपून कर हं."

सुमिरेने देवदाराकडे पाहिलं. ऊन बुंध्यावरून कधीच वर सरकलं होतं. आता ते मधल्या फांद्यांवर होतं, नारिंगी, लखलखतं. तिने घाईघाईने पाट ओढला, बाह्या वर केल्या आणि बादलीला हात लावला.

आणि नेमका तेव्हाच आटलेल्या कुंडाकडून आवाज आला. आवाज कसला, नुसतं कण्हणं.

न बघता पुढे जाता आलं असतं. मी तर म्हणते, जावंच की माणसाने, बाप बर्फात आहे. पण सुमिरेचे पाय वळले त्याला ती तरी काय करणार. आटलेल्या कुंडाच्या तळाशी थोडा कोमट चिखल उरला होता, आणि त्यात पडलं होतं माकडाचं पिल्लू. बर्फ कोसळला तेव्हा कळपापासून तुटलं असावं आणि उबेच्या आशेने चिखलात शिरलं असावं. आता तो चिखल त्याच्या अंगावर गोठत चालला होता. डोळे मिटलेले, ओठ निळे, इवल्याशा मुठी घट्ट आवळलेल्या.

सुमिरेने त्याला उचललं, डगल्यात गुंडाळलं, छातीशी धरलं. डगला कसला, चाळण नुसती. पिल्लू गरम होईना. कण्हणंही थांबलं. शेगडीपाशी न्यावं तर कोळशाची धग ती केवढीशी, आणि या गोठलेल्या चिखलातून ती आत पोचणार कधी? त्याला आता पाणीच हवं होतं, गळ्यापर्यंत, वाफाळतं. पाणी समोरच होतं. पण पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत चिखलाने माखलेलं, आणि मळक्या अंगाने कुंडात जायचं नाही.

तिने परीकडे पाहिलं. परी पंख फडफडवत होती, दोन्ही हात हलवत होती, तिच्या अंगातून रंगीबेरंगी ठिणग्या उडत होत्या. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडाला कुलूप. सुमिरेला वाटलं, परी लवकर कर म्हणतेय.

ऊन आणखी वर गेलं.

"थोडंसंच घेते," सुमिरे स्वतःशीच पुटपुटली. तिने पिल्लाला पाटावर ठेवलं आणि बादलीतलं ओंजळभर पाणी त्याच्यावर ओतलं. चिखल ढिम्म हलला नाही. आणखी एक ओंजळ. पोटावरचा थोडा सुटला. अजूनही बादलीत अर्ध्याहून जास्त पाणी होतं. एवढ्यात तिचं अंग धुऊन झालं असतं. इथेच थांबलं तर बाबा वाचतील. पुढे गेलं तर हे पिल्लू वाचेल. तिला बाबांचा चेहरा दिसला, त्यांच्या भुवयांवर साचलेला बर्फ दिसला, आणि तिच्या हातात हे मूठभर काळीज, धडधड मंद होत चाललेलं. बाबांना शोधायला आई गेली होती, सगळा गाव गेला होता. याला शोधायला कोण होतं?

तिने डोळे घट्ट मिटले आणि बादली उचलून पिल्लावर रिकामी केली.

मग मात्र तिने त्याला सराईतल्या रीतीप्रमाणे आंघोळ घातली. पुरचुंडीने पाठ घासली, काखा घासल्या, कानामागचा मळ काढला. तोंड चोळताना कोंडा गेला पिल्लाच्या डोळ्यांत. आणि पिल्लाने डोळे उघडले, तोंड वासलं आणि असा काही टाहो फोडला की देवदारावरचा बर्फ खाली आला. आंघोळीला न किंचाळणारं लेकरू अजून जन्माला यायचंय, माणसाचं काय नि माकडाचं काय. ते किंचाळलं, पुन्हा किंचाळलं, आणि त्याचा आवाज कड्यावरून कड्यावर आपटत खिंडीपर्यंत गेला.

सुमिरेने त्याला कुंडात सोडलं. ऊन पाणी गळ्याशी आलं तसं पिल्लू गप्प झालं आणि त्याने एक लांबलचक जांभई दिली.

सुमिरे रिकाम्या बादलीकडे वळली. तळाशी थेंब नव्हता. तिने मूठभर बर्फ घेऊन हातपाय घासायला सुरुवात केली, कातडी लाल होईपर्यंत घासले. परीने डबडबल्या डोळ्यांनी मान हलवली. याच बादलीचं पाणी, दुसरं नाही. आणि सुमिरे बघत असतानाच देवदाराच्या शेंड्यावरचा शेवटचा नारिंगी ठिपका गेला.

परीचं तोंड मोकळं झालं. ती बादलीच्या काठावर बसली आणि हळूच म्हणाली, "सुमिरे, तो नियम माणसांचा आहे गं. माकडं तशीच उतरतात पाण्यात. पिल्लाला नुसतं आत सोडलं असतंस तरी चाललं असतं. हजार वर्षांत माकडाला पाटावर बसवून कुणी आंघोळ घातली नव्हती. मी किती खुणा केल्या तुला."

म्हणजे बादली उगाच गेली. म्हणजे बाबा उगाच गेले. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने पाट लाथेने उडवला आणि बर्फात बसून ओक्साबोक्शी रडली. कुंडातलं पिल्लू तिच्याकडे टकमक बघत होतं. त्याचे ओठ आता डाळिंबी झाले होते. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, "ते आता मरणार नाही ना?"

"नाही," परी म्हणाली.

"मग असू दे," सुमिरे म्हणाली. पण तिला मुळीच तसं वाटत नव्हतं, आणि ती पुन्हा रडायला लागली.

आकाश जांभळं झालं. तेव्हा खिंडीच्या उतारावर एक ठिपका हलला. मग दुसरा, मग कितीतरी. माकडांचा अख्खा कळप ओळीने बर्फ तुडवत खाली येत होता, आणि सगळ्यांत पुढे एक माकडीण, वेड्यासारखी धावत. तिने आपल्या लेकराची किंकाळी ओळखली होती. ती कुंपणावरून उडी मारून थेट कुंडात शिरली आणि पिल्लाला तिने असं कवटाळलं की पिल्लू पुन्हा किंचाळलं.

सुमिरे त्यांच्याकडे बघत नव्हती. कळपाच्या मागे, माकडांनी तुडवलेल्या वाटेवरून, एक उंच ठिपका येत होता. दोन पायांवर. अडखळत, पडत, पुन्हा उठत.

परीने तो पाहिला आणि ती खुदकन हसली. हसता हसता तिच्या पंखांतून उजेड सांडायला लागला, आधी केशरी, मग सोनेरी, मग चांदण्यासारखा शुभ्र. तो सगळ्या बागेत पसरला, कुंपणाबाहेर गेला, उतारावर चढला, आणि दमलेल्या पावलांपुढची वाट लख्ख दिसू लागली. दूर रस्त्यावरून आईने आणि गाववाल्यांनीही तो पाहिला आणि ते घराकडे धावत सुटले.

"इच्छेची वेळ गेली, राणी," परी म्हणाली, "पण हे मी तुला माझ्या खुशीने देते." आणि आटलेल्या कुंडांत बुडबुड असा आवाज झाला. एकामागून एक कुंड भरलं, वाफेचे गुलाबी ढग उठले, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

मग काय विचारता. पुढे त्या सराईत इतके पाहुणे आले की चपला ठेवायला फळी पुरेना. एका कुंडात माणसं आणि एका कुंडात माकडं, आणि माकडांना कुणी पाटावर बसा म्हणत नसे.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी बाबा शेगडीपाशी घोंगडीत बसले होते, आई त्यांचे पाय चोळत होती, आणि सुमिरे त्यांना इतकी चिकटली होती की त्यांना पेज पिता येईना. तिने विचारलं, बाबा, तुम्हाला वाट कशी सापडली?

बाबांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "वाट मी शोधतच नव्हतो, बाळ. खडकाआड बसलो होतो. झोप येत होती. आता उठायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात खालून लेकरू किंचाळलं. तू लहानपणी आंघोळीला बसलीस की अशीच किंचाळायचीस. मला वाटलं, माझ्या सुमिरेच्या डोळ्यांत कोंडा गेलाय आणि तिला घ्यायला मी घरात नाही. म्हणून उठलो."