घासलेलं टायर

"मग गाडी चढवतोस का भैरोबाच्या माळावर? पाय न टेकता?"

असं इंद्या म्हणला आणि निवास म्हणला, "चढवतो."

एवढ्यावर थांबला असता तरी निभलं असतं. पण टपरीवर सहा पोरं ऐकत होती. आणि सहा जण ऐकत असले की निवासचं तोंड त्याचं राहत नाही.

"ह्या डबड्यावर न्हाय हां," इंद्या म्हणला आणि निवासच्या जुन्या गाडीच्या चाकाला त्यानं चप्पल लावली. "स्क्रॅम्बलरवर. दगडातनं पळती त्या गाडीवर. हाय का?"

"दिवाळीच्या आत आणतो."

"आणि न्हाय आणलीस तर?"

"मिशी काढतो!"

मिशी म्हणजे काय, दोन वर्षं खतपाणी घालून उगवलेले सतरा केस. पण इस्टेट म्हणून त्याच्याकडं तेवढीच होती.

खरं दुखणं मिशीचं नव्हतंच. टपरीवर त्याला सगळे 'नर्सबाईचा डायवर' म्हणायचे. त्याची थोरली बहीण, अक्का, सरकारी नर्स. लसीचा निळा डबा खांद्याला अडकवून ती मागं बसायची आणि निवास तिला वाड्यावाड्यांनी हिंडवायचा. दगड, चिखल, ओढे. काटा तिसाच्या पुढं गेला की पाठीत धपाटा. एकवीस वर्षांच्या पोराला, टपरीसमोरनं जाताना, धपाटा!

गाडी घ्यायला त्याचा फौजी मामा तयार होता. पण मामा पडला मिलिटरीतला. त्याची अट एकच.

"दस्तगीर उस्ताद लिहून देईल तसली गाडी. दुसरी मागितलीस तर सायकल."

दस्तगीर उस्ताद म्हणजे घाटाच्या पायथ्याचा म्हातारा मिस्त्री. त्याची एक रीत होती. गाडी कुठली घेऊ, असं विचारत कोणी आलं की तो त्या माणसाची जुनी गाडी बघायचा. टायर वाचायचा. मग प्लगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीनं चार ओळी लिहायचा. कंपनीचं नाव नाही, काही नाही. सीट केवढी उंच, वजन किती, टायर कसलं. तसली गाडी ज्याची त्यानं शोधायची. त्या पुठ्ठ्याला मामा देवाचा कौल मानायचा.

आता टायर वाचायचं म्हणजे काय?

घाटात गाडी आडवी घालणाऱ्याचं टायर कडांना झिजतं. सरळ, सावकाश जाणाऱ्याचं मधोमध झिजतं.

निवासचं टायर मधोमध पोळपाटासारखं सपाट. आणि कडांना कारखान्यातनं आलेले रबराचे केस जसेच्या तसे. त्याच्या मिशीपेक्षा दाट.

हे बघून उस्ताद काय लिहिणार? म्हाताऱ्या माणसाची स्कूटर लिहिणार!

म्हणून पठ्ठ्यानं हार्डवेअरच्या दुकानातनं जाडे पॉलिश पेपर आणले आणि गोठ्यामागं बसून दुपारभर टायरच्या कडा घासल्या. पुढची, मागची, डावी, उजवी. शेवटी कडा अशा झाल्या, जणू गाडीनं घाटातली सगळी वळणं पाठ केलीत.

संध्याकाळी भाकरी तोडायला हात उठेना.

"काय झालं रं?" अक्का म्हणली.

"व्यायाम केला."

"तू?"

तिनंच भाकरी कुस्करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवास उस्तादकडं गेला. खांदे अजून ठणकत होते. ऊन असं की पत्र्याखालचं कुत्रंसुद्धा भुंकायचं सोडून नुसतं बघत राहिलं.

उस्ताद पोत्यावर बसला होता. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले.

"झोपलाय का, उस्ताद?"

"झोपलो असतो तर बरं झालं असतं. बोल."

"गाडी कुठली घेऊ?"

उस्तादनं डोळे उघडले नाहीत.

"चाळीस वर्षं झाली. सगळे हेच विचारत्यात… कुठली घेऊ. कशाला घेऊ, असं एकानंबी विचारलं न्हाय."

निवासनं मोबाईल काढला. त्यातला फोटो त्यानं इतक्या वेळा बघितला होता की काच तिथंच झिजली असती. रुंद, उंच हँडल, गाठी-गाठींचं टायर, वर उचललेला सायलेन्सर. सीट एकाच माणसाची.

"स्क्रॅम्बलर, उस्ताद. डांबरावरबी पळती आणि दगडातबी. भारी हाय का न्हाय?"

उस्तादनं एक डोळा उघडला.

"फोटो भारी हाय."

मग गुडघ्यावर हात देऊन तो उठला. उठायला त्याला एवढा वेळ लागला की निवासला वाटलं, परत बसतोय काय.

गाडीपाशी जाऊन तो उकिडवा बसला. मागच्या टायरच्या कडेवरनं त्यानं अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा.

मग फुंकर मारली.

काळी भुकटी उडाली. उस्तादला शिंका आल्या. तीन.

"लई धूळ."

"कच्चे रस्ते हैत ना, उस्ताद. डोंगरातले."

"तुमचा डोंगर तर लाल हाय…"

निवासनं मान वर करून पत्रा बघितला. पत्र्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

पण उस्ताद पुढं सरकला. पुढचं चाक बघितलं, ब्रेक दाबून बघितला, साखळी वर उचलून बघितली. निवासला वाटलं, सुटलो.

"घाट किती मारतोस?"

"रोज," निवास म्हणला. "दोनदा. गुडघा टेकंल अशी आडवी घालतो."

"रोज…"

"पाऊस असला तरीबी."

"आणि मागं कोण बसतं?"

निवासच्या डोळ्यांपुढं टपरी आली. नर्सबाईचा डायवर.

"कुणी न्हाय."

"कुणीच न्हाय?"

"एकटा हिंडतो मी."

उस्तादची नजर मागच्या पायटांगणावर, मागं बसणाऱ्यानं पाय ठेवायच्या दांडीवर, गेली. डाव्या बाजूचं रबर झिजून खालचं लोखंड चमकत होतं. साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी टेकून टेकून आरशासारखी झाली होती.

उस्तादनं तिथं फडकं फिरवलं.

आत जाऊन त्यानं प्लगचं एक खोकं आणलं, पुठ्ठा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि पुठ्ठा मांडीवर ठेवून लिहायला लागला. सावकाश. जसं एखादा माणूस तेच पत्र शंभराव्यांदा लिहितो तसं.

"घे."

निवासनं वाचलं. परत वाचलं.

सीट खाली. हँडल खाली, वाकून बसायचं. टायर गुळगुळीत, रुंद. डांबर सोडून उतरवायची नाही.

"उस्ताद, ही तर शर्यतीची गाडी झाली!"

"व्हय."

"मला स्क्रॅम्बलर पायजे."

"तुला नको ती."

"का?"

उस्ताद परत भिंतीला टेकला.

"स्क्रॅम्बलर कुणाला लागती? ज्याचा रस्ता मधीच संपतो त्याला. दगड आले, पाणी आलं, तरी ज्याला जायाचंच असतं, त्याला. सावकाश… उभं राहून… पाय टेकत टेकत." त्यानं टायरकडं बोट केलं. "तुझं टायर म्हणतंय, तुझा रस्ता कुठं संपतच न्हाय. लोण्यासारखं डांबर आणि नुसती वळणं. तू कधी दगडात गेलाच न्हाईस."

"गेलोय की!"

"टायर न्हाय म्हणतंय."

सगळ्या तालुक्यातल्या दगडांत गाडी घातली होती निवासनं. गारवडीची चढण, धनगरवाड्याची वाट, दोन्ही ओढे. आणि त्या सगळ्याचा पुरावा त्यानं काल दुपारी, गोठ्यामागं बसून, स्वतःच्या हातानं घासून काढला होता.

"जरा परत बघा ना, उस्ताद."

"मी टायर दोनदा वाचत न्हाय. डोळं दुखत्यात."

"मामा ऐकणार न्हाय हो. तुम्ही लिहिलं तेच घेणार त्यो. ही असली गाडी घेऊन मी धनगरवा…"

तो मधेच थांबला.

"धनगरवाड्याला काय?"

"काय न्हाय."

उस्तादनं डोळे मिटले. दूर घाटात एक ट्रक रडत चढत होता. त्याचा आवाज बारीक बारीक होत गेला.

"बरं," उस्ताद म्हणला. "मामा गाडी आणंस्तवर ही तरी हलकी करून देतो. एकट्या माणसाला एवढं लोखंड कशाला?"

तो परत उठला. परत तेवढाच वेळ लागला. पान्हा घेतला आणि मागच्या डाव्या पायटांगणाच्या बोल्टाला लावला.

बोल्ट गंजलेला होता. एकदा किरकिरला.

निवास बघत राहिला.

पान्हा दुसऱ्यांदा फिरला. पायटांगण जरा हललं.

उद्या बुधवार होता. बुधवारी सकाळी सातला अक्का निळा डबा घेऊन ओट्यावर उभी असते. साडीला पिन लावलेली, तोंडात दुसरी पिन. 'चल रं' एवढंच म्हणते आणि डावा पाय ह्याच लोखंडावर देऊन चढते. तिथं पाय द्यायला काही नसलं तर ती काय करील, हे त्याला पक्कं माहीत होतं. ओरडणार नाही. डबा घेऊन सरळ चालायला लागेल. नऊ किलोमीटर.

तिसऱ्यांदा पान्हा फिरला.

"नको, उस्ताद."

"का? मागं कुणी बसत न्हाय ना?"

"राहू द्या ते."

"गंजलंय. उगंच वजन."

निवासनं पुढं होऊन पायटांगणावर हात ठेवला. पान्हा बोटाला लागला. त्यानं हात काढला नाही.

"उद्या बुधवार हाय," तो म्हणला.

"मग?"

"बुधवारी धनगरवाड्यावर लसी असत्यात."

उस्ताद थांबला. पान्हा तसाच बोल्टावर.

"लसी तू टोचतोस?"

"अक्का टोचती."

"आणि अक्का कशी जाती?"

निवासनं इकडंतिकडं बघितलं. कुत्र्याशिवाय कोणी नव्हतं. तरी त्याचा आवाज खाली आला.

"…माझ्या मागं बसून."

उस्ताद खाली बघत राहिला. निवासच्या कपाळावरचा घाम टायरवर पडला आणि काळ्या भुकटीत एक ठिपका झाला.

एकदा भोक पडलं की पोतं रिकामं व्हायला किती वेळ लागतो!

"मी घासलं ते," निवास म्हणला. "टायर. काल. पॉलिश पेपर लावून. घाट मी मारत न्हाय, उस्ताद. घाटात मला भ्या वाटतं. ट्रक आला की मी कडंला थांबतो."

"हं."

"तीसच्या वर जात न्हाय मी. डब्यातल्या बाटल्या फुटत्यात म्हणून. आणि टपरीवरची पोरं हसत्यात, तर… हल्ली मी तिला टपरीच्या अलीकडंच उतरवतो. म्हणतो, गरम झालीय गाडी. ती चालत टपरी ओलांडती आणि पलीकडं परत बसती."

हे बोलल्यावर त्याला गप्प बसावंसं वाटलं. पण उस्ताद तसाच थकलेल्या बैलासारखा बघत होता. रागवलाही नाही, हसलाही नाही. असं कोणी बघितलं की मागचं-पुढचं सगळं बाहेर येतं.

"तिला कळतं का?" उस्ताद म्हणला.

"काय?"

"गाडी गरम झालेली नसती ते."

निवासनं इंजिनाकडं बघितलं.

"कळतं. ती… ती इंजिनाला हात लावून बघती आणि म्हणती, व्हय रं, लई तापलीय."

उस्तादनं पान्हा उलटा फिरवला. बोल्ट परत आवळला. चांगला दोन आटे जास्तच. मग निवासच्या हातातला पुठ्ठा घेतला, दुमडला आणि गाडीच्या स्टँडखाली सारला.

"अजून काय राहिलंय?"

"काय न्हाय."

"राहिलंय."

निवासनं मिशीवरनं हात फिरवला. सतरा केस. गेले तर गेले.

"धनगरवाड्याच्या वाटंला ओढा लागतो," तो म्हणला. "पाणी असलं की मी… मी उतरतो, उस्ताद. डबा डोक्यावर घेतो आणि कडंकडंनं चालत जातो."

"मग गाडी?"

"अक्का काढती. पदर खोचून. पाय न टेकता."

उस्तादनं खोक्याचा नवा पुठ्ठा फाडला, पेन्सिल टेकवली… आणि न लिहिताच परत कानावर ठेवली.

"उद्या लसी आटोपल्या की ये."

"अक्काला घेऊन येऊ?"

"न्हाय," उस्ताद म्हणला आणि डोळे मिटले. "अक्काला सांग, तिनं तुला घेऊन यायचं. मागं बसवून."